काकूंच्या काडतुसांना कोणता पीळ

१४ मार्च, शनिवार

लेडलीला मोहितेकाकांच्या फार्मवर जाऊन आले. उमेश आला नाही, त्याचं रिलीज आहे म्हणे. शनिवारी. नवरा आयटीत असला की कॅलेंडरला काही अर्थ राहत नाही.

रानकुत्र्यांनी परत दोन करडं नेली. एक अर्धवट टाकून गेले होते, ते काकांनी मी पोचायच्या आत पुरून टाकलं. मी अंडंसुद्धा खात नाही, म्हणून असलं काही माझ्यापासून लपवतात. बकऱ्या मटणासाठीच पाळल्यात, आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधली निम्मी मराठी घरं त्यांची गिऱ्हाइकं, त्याबद्दल माझ्याशी तासभर बोलतील. पण फाडलेलं करडू वैशालीला दाखवायचं नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणून आयुष्य गेलं यांचं, आणि मन हे असं.

कुत्रा समोर आला होता, काकांनी मारली, गोळी भलतीकडे गेली. रायफलची नळी संपलीय. ग्लेनने, म्हणजे आमच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्याने, आत कॅमेरा घालून फोटो पाठवलेत. घसा, म्हणजे काडतुसापुढचा भाग, पार जळलाय, आटे झिजलेत. नवी नळी टाकायची. त्याचा प्रश्न एकच, पीळ कितीचा ठेवू?

काका म्हणाले, "तू इंजिनियर. तू ठरव."

मला बरं वाटलं. उगाच का खोटं लिहू.

जेवताना उमेशला समजावलं. नळीच्या आत आटे असतात, ते गोळीला गिरकी देतात. किती इंचांत एक फेरा, तो पीळ. काकांच्या जुन्या नळीत चौदा इंचांत एक. आता आठ इंचांत एकही मिळतो. गोळी लांब असेल तर पीळ घट्ट लागतो, नाहीतर ती हवेत कोलमडते आणि नेमाच्या कागदाला आडवी जाऊन लागते. तो म्हणाला, भोवऱ्यासारखं. हो, भोवऱ्यासारखंच. मग त्याने भाजी वाढून घेतली आणि विषय संपला.

१८ मार्च, बुधवार

लंचमध्ये हिशेब केला. एक-आठ, म्हणजे आठ इंचांत एक फेरा.

कारण काय, तर घेतोच आहोत तर वरचं घेऊ. आमच्याकडे फ्रीज असाच आला, गाडी अशीच आली, लेकीचा, इराचा, शाळेचा ब्लेझर अजून तिच्या बोटांवरून खाली येतो. माझ्या आईने दहावीपर्यंत माझा एकेक फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवला. एक-आठ घेतला की पुढेमागे कुठलीही लांब गोळी चालेल, हल्लीची शिसं नसलेली तांब्याचीसुद्धा. परत नळी बदलायला नको.

ग्लेनला फोन केला. तो म्हणाला, "व्हॉट्स ही शूटिंग, मेट?" म्हटलं, थोडं थोडं सगळंच. तो म्हणाला, आधी गोळी सांग, मग मी पीळ सांगतो. मी म्हटलं, एक-आठच टाक, सगळं चालेल असं असू दे. मग नो वरीज म्हणाला.

२९ मार्च, रविवार

काकांकडे पाडव्याचं राहिलेलं श्रीखंड घेऊन. काका शेडमध्ये होते, काकूंच्या बाकासमोर खुर्ची टाकून, नुसते बसलेले.

सुमनकाकूंचा बाक अजून तसाच आहे. छोटा काटा, प्रेस, चिमटे, वरती फडकं टाकलेलं. रायफल काकांची, पण काडतुसं भरायच्या काकू. नेम धरायला मला काकांनी शिकवलं, काडतूस म्हणजे काय ते काकूंनी. पावडर सोन्यासारखी तोलायच्या. त्या तोलत असताना शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. एकदा उमेशने मध्येच क्रिकेटचा स्कोअर सांगितला तर त्याला बाहेर काढलं होतं, आणि तोललेली सगळी पावडर परत ओतून पहिल्यापासून.

काकूंना जाऊन दुसरा हिवाळा येईल आता. त्यांनी शेवटची भरलेली काही खोकी लोखंडी कपाटात आहेत. केमोच्या मधल्या आठवड्यांत भरलेली. काका त्यांतली कागदावर वाया घालवत नाहीत. फक्त कुत्रा दिसला तर.

काका म्हणाले, नवी नळी आली की बघ, एकही फुकट जाणार नाही.

११ एप्रिल, शनिवार

नळी बसली. देखणी आहे, काकांनी तीनदा पुसली. ग्लेनने स्वतःकडची जड गोळ्यांची दोन खोकी दिली होती, त्यांनीच मी रायफलवरची दुर्बीण जुळवून दिली. माझी भोकं एकमेकांना चिकटून. मी एक-आठच्या बाजूने एक छोटं भाषण दिलं, काकांनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी बटाट्याच्या काचऱ्या केल्या, खास माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर.

१९ एप्रिल, रविवार

काका स्वतःहून फोन करत नाहीत. आज केला.

संध्याकाळी कुंपणापाशी कुत्रा आला होता, उजेड चांगला, उभा होता आडवा. काकूंचं काडतूस घातलं, मारली. काही नाही. दुसरी मारली. काही नाही, कुत्रा सावकाश निघून गेला. मग त्यांनी कागद लावून बघितलं. पहिली लागली कडेला. पुढच्या कुठे गेल्या पत्ता नाही, कागदावर भोकच नाही.

म्हटलं, गोळी बदलली की थोडा फरक पडतोच, पण इतका नाही पडत. वारा होता का? "वारा नव्हता गं. डोळे गेले माझे." पाठोपाठ लगेच मुलाबद्दल, "राहुलला मीच सांगतो, तू नको सांगू," आणि फोन ठेवला.

वाईट वाटलं. कधीतरी होणारच होतं हे, असंही वाटलं. सत्याहत्तर वय आहे.

२२ एप्रिल, बुधवार

राहुलचा फोन, मेलबर्नच्या क्लेटनहून. काकांचा मुलगा, युनिव्हर्सिटीत शिकवतो. बिचारा दोन वर्षं बाबांना मेलबर्नला बोलावतोय, घरामागे ग्रॅनी फ्लॅट बांधून ठेवलाय. बाबा दर वेळी म्हणायचे, हात आणि डोळे आहेत तोवर इथेच. आता बाबांनी स्वतः सांगितलं, डोळे गेले, जागा विकू.

"वैशालीताई, तुला काय वाटतं? तू तिथे असतेस."

मी म्हटलं, मलाही वाटतं वेळ आली. रायफल हातात असलेल्या माणसाला दिसत नसेल तर कुणाला तरी लागायचं. तो म्हणाला, थँक्स, मला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

बरोबरच बोलले मी.

२ मे, शनिवार

जागा विकणारा एजंट येऊन गेला. कुंपणं मोजली, फोटो काढले. काकूंच्या शेडकडे बघून म्हणाला, हे पाडून टाकलं तर जागा मोठी दिसेल. काकांनी मान डोलावली. मला त्या एजंटला बकऱ्यांत ढकलून द्यावंसं वाटलं.

काका अगदी शहाण्यासारखं वागतायत. बकऱ्या शेजारच्याला देणार, ट्रॅक्टर कुणाला तरी. रायफल म्हणाले तू घे, तुझ्या लायसन्सवर करून घे, ग्लेनची खोकीही घे.

"आणि काकूंची?"

"ती मी पोलिसात नेऊन देणार. नष्ट करतात ते."

मी म्हटलं, काय बोलताय काका, मला द्या की. तर एकदम म्हणाले, "नको. त्यांना कुणी हात लावायचा नाही." चढ्या आवाजात. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मग स्वतःच ओशाळून चहा टाकायला गेले.

येताना गाडीत विचार करत होते. ज्या बाईची चहाची कपबशीसुद्धा अजून फडताळात वेगळी ठेवलीय, तिने भरलेली काडतुसं पोलिसात? घरी उमेश म्हणाला, शोकाचं काही सांगता येत नाही. असेल. पण मला ते पटलं नाही.

९ मे, शनिवार

सगळं नीट लिहायचं आहे.

गेले ते मुद्दाम ठरवून. रायफल आणायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं. पोचल्यावर म्हटलं, काका, नेण्याआधी काकूंच्या हातची थोडी मारू द्या. नाही म्हणाले. म्हटलं, आठवण म्हणून. मग त्यांना नाही म्हणता येईना. कपाट उघडलं, खोकं माझ्या हातात न देता बाकावर ठेवलं.

पॅडकमध्ये, म्हणजे मागच्या कुरणात, कागद लावला. काका मागे उलट्या ड्रमवर बसले, माझ्याकडे पाठ करून. तेव्हा वाटलं, त्यांना बघवत नाही, बस.

पहिली लागली. दुसरी लागली नाही. म्हणजे चुकून बाजूला गेली असं नव्हे, अख्ख्या कागदावर कुठेच नाही. मी नेमबाजीत ग्रेट नाही पण एवढा मोठा कागद मी चुकवत नाही. तिसरीही नाही.

काकांना हाक मारली, या, स्टँडवरच्या दुर्बिणीतून बघा. आले नाइलाजाने. चौथी मारली.

"काय दिसलं?"

"धूर. राखाडी रेघ. मध्येच, कागदाच्या बरीच अलीकडे."

त्यांना रायफल दिली, मी दुर्बिणीला डोळा लावला. त्यांनी मारली. दिसली. हवेत राखाडी फराटा, आणि पुढे काहीच नाही.

गवतात बसले आणि फोनवर गुणाकार केला. जुन्या नळीत ही गोळी मिनिटाला दोन लाखांच्या आत फेरे घेत होती. माझ्या एक-आठमध्ये तीन लाखांच्या वर जाते. काकूंच्या गोळ्या आखूड, वरचं तांब्याचं कवच पातळ, कुत्र्याला लागल्या की आत फुटाव्यात म्हणून मुद्दाम तशा निवडलेल्या. इतकी गिरकी त्यांना सोसत नाही. एखादी तगते, बाकीच्यांच्या हवेतच चिंधड्या. ग्लेनने विचारलं होतं काय मारतोय ते. मी सगळंच म्हणाले. काका काय मारतात हे जगात मला सोडून कुणाला माहीत होतं?

लगेच सांगितलं. म्हटलं, काका, चूक माझी आहे. तुमचा नेम चुकला नव्हता. पीळ चुकीचा निवडला मी.

ते म्हणाले, "म्हणजे भरण्यात काही चुकलं नाही?"

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. परत सांगितलं, तुमचे डोळे...

"डोळ्यांचं सोड. सुमनचं सांग. पावडर कमी-जास्त झालेली नाही? नक्की?"

म्हटलं, नक्की. अगदी नक्की. पहिली लागली ना, माझीही लागली. पावडर चुकली असती तर गोळी वर-खाली लागली असती, हवेत फुटली नसती अशी. चौदाच्या पिळाच्या चांगल्या नळीतून मारा, एकेक जागेवर जाईल.

मग बसले ड्रमवर. बकऱ्या येऊन त्यांचा शर्ट चघळायला लागल्या तरी हटकलं नाही त्यांनी.

"डोळे बारीक झालेत ते मला माहीत आहे. वर्ष झालं. पण गोळ्या कागदापर्यंत गेल्याच नाहीत तेव्हा मला वाटलं, तिच्याच हातून चुकलं. त्या दिवसांत हात थरथरायचा तिचा. मी म्हणायचो राहू दे, ऐकायची नाही. उद्या कुणी म्हटलं असतं, काकूंचं शेवटी शेवटी चुकायला लागलं होतं. त्यापेक्षा म्हटलं, माझे डोळे गेले."

मी रडले. सरळ रडले. बायकोचा हात थरथरला असं समजून ते झाकायला, हा माणूस घर विकायला निघाला होता. आणि मी त्याच्या मुलाला फोनवर सांगितलं, वेळ आली.

नंतर एक गोष्ट झाली, तीही लिहायला हवी. ग्लेनची जड गोळी घालून आम्ही दोघांनी पाच-पाच मारल्या. त्या नळीला ती गोळी चालते, म्हणजे तिथे सबब नाही. माझी भोकं एका पुरीखाली झाकली जातील. काकांची ताटाखालीही मावणार नाहीत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले, घडी घातली, खिशात ठेवले.

१० मे, रविवार

राहुलला फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या चुकीपासून. मग म्हणाला, बाबांनी मला हे का नाही सांगितलं. म्हटलं, तू तिचा मुलगा आहेस, तुलाच तर सांगायचं नव्हतं.

मग विचारलं, "म्हणजे बाबांचे डोळे ठीक आहेत?"

पुरीचं आणि ताटाचं सांगितलं.

"मग ताई, काय बदललं?"

रागाने नाही म्हणाला. खरंच विचारत होता. म्हटलं, डोळे तपासून घेऊ, तोवर विक्रीचा बोर्ड लावू देऊ नकोस. तो बरं म्हणाला. पण प्रश्न बरोबर आहे त्याचा. इराने जाता जाता विचारलं, "आर यू क्राइंग, आई?" नाही म्हटलं तर म्हणाली, "ओके, बट यू आर." आणि टिश्यूचा डबा आणून दिला.

१३ मे, बुधवार

ग्लेनला फोन. कबुलीजबाब. हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, गेल्या वर्षभरात तिघांनी हेच केलं, सगळे इंजिनियर. हे तो माझ्या समाधानासाठी म्हणाला की खरंच, कळायला मार्ग नाही.

आता दोन रस्ते आहेत. नळी आहे तीच ठेवायची, बाजारातली लांब गोळी वापरायची आणि काकूंची खोकी कपाटात तशीच. किंवा परत चौदाचा पीळ. हल्ली कुणी मागत नाही, मुद्दाम बनवून घ्यावा लागेल, दोनेक महिने. आणि तो कशासाठी, तर उरलेल्या थोड्या काडतुसांसाठी. ती संपली की तशी भरणारं कुणी नाही. माझ्या ऑफिसात कुणी असा प्रस्ताव आणला असता तर मी पहिल्या मिनिटाला परत पाठवला असता.

काकांना दोन्ही बाजू सांगितल्या. या वेळी ठरवलं नाही. विचार करून सांगतो म्हणाले.

१६ मे, शनिवार

मी पोचायच्या आधीच काकांनी ग्लेनला फोन केला होता. चौदाचा पीळ. मला विचारलं नाही, हे छान केलं. शेडमधलं फडकं धुऊन वाळत घातलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ गुरुवारी, इप्सविचला. मी नेणार. राहुल महिनाअखेरीस येतोय. एजंटला काकांनी थांब म्हणून सांगितलंय, नको म्हणून नाही. बोर्ड गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलाय, उलटा.

म्हटलं, काका, एक विचारू? नळी यायला दोन महिने. डॉक्टरने नाही म्हटलं तर? मग ती कुणासाठी? बोलून गेल्यावर वाटलं, फार स्पष्ट बोलले. पण मागे एकदा ग्लेनशी गोलमाल बोलून बघितलं आहे, त्याने काय झालं ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

त्यांना राग आला नाही. व्हरांड्यात बसलो होतो, बकऱ्या आत घेतलेल्या. काल संध्याकाळी कुत्रा परत कुंपणाशी येऊन गेला, पायांचे ठसे दाखवले मला. या वेळी लपवले नाहीत.

"डॉक्टर नाही म्हणाला तर मी नाही मारणार. राहुलला तसा शब्द दिलाय. तू मार. मी शेजारी बसेन, कुठे बघायचं ते सांगेन. तिची काडतुसं आहेत, पोलिसात नाही जायची. संपली की मी जातो मेलबर्नला, मुकाट्याने."

इतक्या वर्षांत मी कागद सोडून कशावर नेम धरलेला नाही. काकांना हे माहीत आहे. कुणाला नसेल इतकं त्यांना माहीत आहे, करडं पुरून ठेवणारा माणूस तो. तरी विचारलं. आणि जी करडं कुत्रे नेतात तीही पुढे कुणाच्या तरी ताटात जायचीच होती, मग माझं नेमकं कुठे अडतं, हेही मला धड सांगता येईना.

म्हटलं, आधी गुरुवारचं होऊ दे.

"गुरुवारचं होईलच गं. मी विचारलं ते सांग."

चहा झाला, कप विसळले, निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे गाडीत लिंबं टाकली. फाटक उघडून धरून उभे होते, मी बाहेर पडेपर्यंत. अजून सांगितलेलं नाही.